पाच वर्षं झाली... पुढचा स्कॅन कधी?

ऑफिसात कसं, प्रोजेक्ट संपला की फाइल क्लोज! आजारपणाचंही आपण तेच करतो. ऑपरेशन झालं, गाठ गेली, पाच वर्षं सुखरूप निघाली, चला, पार्टी! पार्टी जरूर करा. पण ॲड्रिनल कॅन्सर असेल, तर फाइल एवढ्यात माळ्यावर टाकू नका.

ॲड्रिनल म्हणजे दोन्ही किडन्यांवर टोपीसारख्या बसलेल्या चिमुकल्या ग्रंथी. कॉर्टिसॉलसारखी हॉर्मोन्स बनवणाऱ्या त्यांच्या बाहेरच्या थराला होणारा कॅन्सर फारच दुर्मीळ. दहा लाखांत वर्षाला एखाद-दोघांना. गाठ पूर्ण काढणं हा मुख्य इलाज. तरी काही पेशी लपून राहू शकतात. बहुतेकदा त्या पहिल्या दोन-तीन वर्षांत डोकं वर काढतात. पण कधी कधी पाच वर्षं उलटल्यावरही फुप्फुसात, लिव्हरमध्ये किंवा जुन्याच जागी पुन्हा गाठ येते.

२०१८च्या युरोपियन गाइडलाइन्स सांगतात: पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी स्कॅन, पुढची तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी. त्यानंतरचं वेळापत्रक पेशंटगणिक ठरतं. आणि घोळ होतो तो इथेच! तोवर आपण जॉब बदललेला, शहर बदललेलं, रिपोर्ट्स आईच्या कपाटात आणि नव्या डॉक्टरांना जुनं काहीच ठाऊक नाही.

लक्षणंही फसवी. गाठ कॉर्टिसॉल बनवत असेल तर पोट सुटतं, चेहरा गोल होतो, बीपी-शुगर चढते, जरा लागलं की काळंनिळं होतं. मुलींना चेहऱ्यावर अचानक केस येऊ शकतात. आपण काय म्हणतो? ‘बैठं काम, दुसरं काय!’ आणि जिम लावतो. ज्यांचं हे ऑपरेशन झालंय, त्यांनी आधी डॉक्टर गाठावा, मग जिम. काही वेळा तर लक्षणं नसतातच. म्हणून स्कॅन हवाच.

उशिरा परतलेली गाठ म्हणजे सगळं संपलं, असं मुळीच नाही. ती पूर्ण निघण्यासारखी असेल तर पुन्हा सर्जरीचा विचार होतो, मायटोटेन हे औषधही आहे. पण त्यासाठी ती वेळेत सापडायला हवी ना!

तेव्हा बॉस, दोनच कामं करा. बायोप्सी रिपोर्ट आणि स्कॅनच्या कॉपीज स्वतःजवळ ठेवा. आणि पाचव्या वर्षीच्या व्हिजिटला ‘थँक्यू डॉक्टर’ म्हणून उठण्याआधी पुढची तारीख मागून घ्या.