खाद्याचे पोते फेकू नका, बॅच नंबर जपून ठेवा!

नागपूरकर श्वानपालक, मांजरपालक आणि रस्त्यावरच्या मुक्या जिवांना रोज खाऊ घालणाऱ्या सर्वांना कळकळीची विनंती. घरात कुत्र्या-मांजराचे तयार खाद्य असेल, तर आजच ते पोते उजेडात आणा. त्यावर बॅच नंबर, उत्पादनाची तारीख आणि 'बेस्ट बिफोर' शोधा. सापडले, तर मोबाइलवर फोटो काढून ठेवा. यातले काहीच नसेल, किंवा खाद्य पॉलिथिनच्या पिशवीत सुटे आणलेले असेल, तर ते आजपासून बंद करा.

घाई करायला कारण आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीच्या वर जातो. पत्र्याच्या छपराखालच्या गोदामात त्याहून जास्त तापते. या उष्णतेत दाण्यांवर फवारलेली चरबी खवट होते, 'अ' जीवनसत्त्व आणि थायमिन घटत जाते. त्यामागोमाग पावसाळ्याची दमट हवा येते आणि ओल धरलेल्या दाण्यांना बुरशी लागते. महाग पोते असले म्हणून ते यातून सुटत नाही.

आपल्यातल्या बहुतेकांचा समज असा की, एवढे महाग खाद्य आहे, म्हणजे सरकारने कुठेतरी तपासलेच असणार. तसे नाही. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यात अन्नाच्या व्याख्येतून पशुखाद्य वगळलेले आहे. पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यावर एफएसएसएआयचा चौदा अंकी परवाना क्रमांक छापावा लागतो. हजारो रुपयांच्या डॉग फूडच्या पोत्याला ते बंधन नाही. भारतीय मानक ब्यूरोने कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी आयएस ११९६८ हे मानक केले आहे, २०१९ मध्ये ते सुधारलेही; पण ते पाळणे कंपनीच्या मर्जीवर आहे. परदेशी मालाला केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याचा आयात परवाना लागतो, पण तो माल पुढे नागपुरात कुठे आणि किती उन्हात पडून होता, हे त्या परवान्यावरून कळत नाही. आणि 'प्रीमियम', 'सुपर प्रीमियम', 'होलिस्टिक' हे शब्द कोणीही छापू शकतो. त्यासाठी कोणतीही परीक्षा पास व्हावी लागत नाही.

२००७ साली अमेरिकेत काय झाले ते आठवा. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन हे प्लास्टिक उद्योगातले रसायन मिसळलेले निघाले. प्रथिने मोजण्याची नेहमीची चाचणी प्रत्यक्षात नायट्रोजन मोजते आणि त्यावरून प्रथिनांचा आकडा काढते. मेलामाइनमध्ये नायट्रोजन ठासून भरलेला असतो, त्यामुळे कागदावर प्रथिने भरपूर दिसली. प्रत्यक्षात कुत्र्या-मांजरांच्या मूत्रपिंडात खडे साचून ती दगावली. एकाच कारखान्यातून अनेक नावांनी माल निघत होता, म्हणून स्वस्त आणि महाग असे शंभराहून जास्त ब्रँड एकाच वेळी परत मागवावे लागले. पोत्यावरचा प्रथिनांचा टक्का वाचताना हे लक्षात असू द्या.

मक्यावरच्या बुरशीतून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन हा दुसरा धोका, आणि आपल्या हवामानात मला तो जास्त भेडसावतो. हे विष डोळ्यांना दिसत नाही, वासाने ओळखू येत नाही आणि खाद्य बनवतानाच्या उष्णतेत पुरते नष्टही होत नाही. ते यकृतावर घाला घालते. २०२० च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या मिडवेस्टर्न पेट फूड्स कंपनीला 'स्पोर्टमिक्स' हे खाद्य याच कारणाने परत मागवावे लागले. तिथल्या अन्न व औषध प्रशासनाकडे ११० हून अधिक कुत्र्यांच्या मृत्यूची नोंद झाली. हे दूरदेशीचे वाटत असेल, तर १९७४ पाहा. गुजरातचा पंचमहाल आणि राजस्थानचा बांसवाडा या आदिवासी भागांत कापणीच्या वेळी अवकाळी पाऊस आला, भिजलेला मका तसाच साठवला गेला आणि काविळीची साथ उसळली. १०६ माणसे गेली. त्याच गावांतल्या कुत्र्यांनाही कावीळ झाली होती.

आता सुट्या विक्रीकडे या. पोत्याचे तोंड कापून ते दुकानाच्या दारात उघडे ठेवलेले असते. त्यात प्लास्टिकचा डबा खुपसलेला, वर धूळ आणि माश्या. शेजारी आधीच भरून गाठ मारलेल्या किलो-किलोच्या पारदर्शक पिशव्या टांगलेल्या, त्यावर स्केच पेनने नुसती किंमत. उत्पादक, वजन, तारीख, बॅच काही नाही. तुमच्यासमोर तोलून देणे वेगळे. आधीच भरून ठेवलेल्या पाकिटावर वैधमापनशास्त्राच्या २०११ च्या नियमांनुसार उत्पादक, वजन आणि तारीख असायलाच हवी. अशी पिशवी घेऊ नका, आणि का घेत नाही ते दुकानदाराला स्पष्ट सांगा. मोठे पोते परवडत नसेल, तर कंपनीचेच छोटे सीलबंद पाकीट घ्या. घरी आणल्यावर दाणे डब्यात ओतू नका. मूळ पिशवीसकट डब्यात ठेवा, म्हणजे बॅच नंबर हरवत नाही.

लेबल वाचताना ओल्या आणि कोरड्या खाद्याची थेट तुलना करू नका. पाऊचवर प्रथिने ८ टक्के आणि पाणी ८० टक्के असेल, तर उरलेल्या २० भागांत ८, म्हणजे ४० टक्के प्रथिने झाली. अमेरिकेतल्या आफ्को संस्थेच्या तक्त्यात याच हिशेबाने प्रौढ कुत्र्याला किमान १८ आणि प्रौढ मांजराला २६ टक्के सांगितले आहेत. ही संस्था कोणतेही खाद्य तपासत नाही की मंजूर करत नाही, तरी तिचे नाव पाकिटावर शिक्क्यासारखे मिरवले जाते. मांजराला टॉरिन अन्नातूनच मिळावे लागते, ते कमी पडले की हृदय कमजोर होते, हे १९८७ मध्ये सिद्ध झाले आहे. तेव्हा मांजराला कुत्र्याचे खाद्य कधीही चालवून घेऊ नका. कंपनीला ईमेल करून विचारा: खाद्याचे सूत्र कोणी ठरवले, कोणत्या कारखान्यात बनते, प्रत्येक बॅचची अफ्लाटॉक्सिन तपासणी होते का? सरळ उत्तर न देणाऱ्या कंपनीचा माल मी तरी घेणार नाही.

जनावराने खाणे सोडले, उलट्या सुरू झाल्या, ते मलूल झाले, डोळ्यांत किंवा हिरड्यांवर पिवळेपणा आला, तहान आणि लघवी एकदम वाढली, तर खाद्य तत्काळ थांबवा आणि डॉक्टर गाठा. यकृत आणि मूत्रपिंडाच्या रक्तचाचण्या करून घ्या. जाताना पोते सोबत न्या. रागाच्या भरात ते घंटागाडीत टाकू नका. उरलेले खाद्य त्याच पिशवीत घट्ट बांधून, कोरड्या थंड जागी, बिलासह ठेवा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३८ नुसार जिल्हा ग्राहक आयोग मालाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो आणि ४५ दिवसांत अहवाल मागवू शकतो. नमुनाच नसेल, तर आयोग काय पाठवणार?

रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी मुदत संपत आलेली पोती दान घेणाऱ्यांनी विशेष जपावे. ती कुत्री आजारी पडली तर कोण पाहणार, कोण नोंद ठेवणार?

शहरातल्या पशुवैद्यकांना विनंती आहे की, केसपेपरवर खाद्याचे नाव आणि बॅच नंबर लिहायची सवय लावा. एकाच बॅचची तीन जनावरे तीन दवाखान्यांत गेली, तर आज ते कोणालाच कळणार नाही. महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ (माफसू) आपल्या शहरात आहे, सेमिनरी हिल्सवर १९५८ पासूनचे पशुवैद्यक महाविद्यालय आहे. त्यांनी दर पावसाळ्यात बाजारातून नमुने विकत घेऊन तपासावेत आणि निकाल नावानिशी जाहीर करावेत. खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. तसाच गुणवत्ता नियंत्रण आदेश आयएस ११९६८ साठी केंद्राने काढावा, यासाठी आपल्या खासदारांना पत्र लिहा. आणि संशयास्पद खाद्याची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंदवा. फोन लावताना बॅच नंबर हाताशी ठेवा.