विद्यापीठाची निवड जूनमध्ये नाही, जानेवारीत होते



बारावीचा निकाल लागला की राजापेठेपासून गाडगेनगरापर्यंत क्लासवाल्यांचे गुणवंतांचे फोटो झळकतात आणि त्याच आठवड्यात आमचे फोन वाजायला लागतात. प्रश्न ठरलेला असतो. "भाऊ, पोराले सायन्समध्ये चांगले टक्के हायेत, नीटमध्ये काही लागलं नाही. आता बीएस्सी अमरावतीत करू द्याव का पुण्याले धाडाव?" मुलगी असेल तर प्रश्न थोडा बदलतो. "अमरावतीतच बरं ना?"

या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी एक गोष्ट समाजाला स्पष्ट सांगितली पाहिजे. हा प्रश्न उशिरा विचारला जातो. निकालानंतर आपण ज्याला निवड म्हणतो, ती दुसऱ्यांनी निवडून झाल्यावर उरलेल्यातली निवड असते.

विज्ञान आणि गणिताच्या देशातल्या पहिल्या रांगेतल्या संस्थांचे प्रवेश बारावीच्या टक्क्यांवर होत नाहीत. आयसरची स्वतःची परीक्षा आहे, आयएटी. भुवनेश्वरची नायझर आणि मुंबई विद्यापीठाच्या कालिना परिसरातलं मूलभूत विज्ञानाचं केंद्र सीबीएस, या दोन्हींसाठी नेस्ट आहे. भारतीय सांख्यिकी संस्थेची, म्हणजे आयएसआयची, वेगळी परीक्षा आहे. दिल्ली, बनारससारख्या केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून सीयूईटी आहे. यातल्या बहुतेक अर्जांची मुदत बारावीचा निकाल हातात येण्याआधीच संपते. ज्या घरात आई-वडील प्राध्यापक, इंजिनिअर आहेत, त्या घरात हे अकरावीतच माहीत असतं. आपल्या वस्तीत ते जूनमध्ये कळतं, आणि तेही पुढच्या पिढीच्या कामाला येईल एवढंच.

प्रवेशद्वारावर आता जातीची पाटी नाही. तिथे तारखेची पाटी आहे, आणि ती ज्यांना वाचता येते त्यांच्या जाती आपल्याला ठाऊक आहेत.

बाबासाहेबांनी १९४२ साली काय मागितलं होतं?

२९ ऑक्टोबर १९४२ रोजी बाबासाहेबांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या तक्रारींचं एक निवेदन दिलं. त्या वेळी ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. या निवेदनातला शिक्षणाचा भाग प्रत्येक कार्यकर्त्याने वाचला पाहिजे. कला आणि कायद्याच्या शिक्षणाचा आपल्या मुलांना फारसा लाभ होणार नाही, उपयोग होईल तो विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणाचा, असं त्यांनी त्यात मांडलं. मग आपली मुलं कला आणि कायद्याकडे का जातात? विज्ञानाचा खर्च आई-बापांना झेपत नाही म्हणून, हे कारणही त्यांनीच दिलं. आणि मागणी आकड्यांत केली: भारतात विज्ञान-तंत्रज्ञान शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांसाठी वर्षाला २ लाख रुपये आणि परदेशात ते शिकण्यासाठी वर्षाला १ लाख.

हे सांगणारा माणूस स्वतः अर्थशास्त्राचा आणि कायद्याचा पंडित होता. कला शाखेला कमी लेखावं म्हणून त्यांनी हे लिहिलं नाही. सत्ता कुठे तयार होते, हे त्यांना दिसत होतं.

आज ऐंशी वर्षांनंतर आपण आपल्याकडे बघू. चळवळीने वकील दिले, कवी दिले, प्राध्यापक दिले, अधिकारी दिले. अमरावती जिल्ह्यातल्या महिमापूरचे सुखदेव थोरात औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकले आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. आम्ही स्वतः समाजशास्त्र शिकलो, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण आपल्या ओळखीतले गणितज्ञ मोजायला बसलं तर एका हाताची बोटंही पुरून उरतात. आपल्या घरात बीएस्सी ही आजही "नीट लागली नाही म्हणून" घेतलेली पदवी आहे. ही मानसिकता आधी मोडली पाहिजे.

तीन वाटा आणि आमचं मत

पहिली वाट घराजवळची. अमरावतीची शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था, म्हणजे आपलं व्हीएमव्ही, १९२३ साली किंग एडवर्ड कॉलेज म्हणून सुरू झालं. नागपूरची शासकीय विज्ञान संस्था त्याहून जुनी, १९०६ सालची. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम या पाचही जिल्ह्यांसाठी १९८३ पासून आपलं विद्यापीठ आहे, ज्याला आज संत गाडगे बाबांचं नाव आहे. शासकीय आणि अनुदानित महाविद्यालयात फी कमी, समाजकल्याणचं वसतिगृह मिळण्याची शक्यता जास्त, आणि घर जवळ.

दुसरी वाट पुण्याची. वऱ्हाडातल्या पोरांना पुण्याचं भारी वेड. पण पुण्यात शिकणं आणि पुण्यात राहणं यात फरक आहे. ज्या कॉलेजात विज्ञान विभाग खरंच भक्कम आहे तिथे प्रवेश मिळाला आणि राहण्याची सोय झाली, तर जरूर जा. कुठल्याही विनाअनुदानित कॉलेजात नाव घालून खोलीचं भाडं भरत बसण्यात काय अर्थ आहे? स्वाधार योजनेत पुण्या-मुंबईसाठी ठरलेली रक्कम वर्षाला ६० हजार, म्हणजे महिन्याला पाच हजार. त्यात खोली आणि मेस दोन्ही बसवून दाखवा. शिवाय पैसे वेळेवर येत नाहीत, हे महाडीबीटीवर अर्ज भरणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. पहिले सहा महिने बाप कर्ज काढतो आणि मुलगा दुसऱ्या वर्षाला अर्धवेळ काम धरतो. प्रॅक्टिकल तिथेच बुडतं. गंमत अशी की त्याच पुण्यात, पाषाणला, २००६ पासून आयसर उभी आहे आणि आपल्या पोरांना तिचा पत्ता माहीत नसतो.

तिसरी वाट या राष्ट्रीय संस्थांची. इथे अनुसूचित जातींना केंद्राचं १५ टक्के आरक्षण आहे, राज्यातल्या १३ टक्क्यांपेक्षा जास्त. आयसर आणि नेस्टच्या प्रवेशासाठी बारावीला खुल्या गटाला ६० टक्के लागतात, आपल्याला ५५. अट टक्क्यांची फार मोठी नाही, तयारी परीक्षेची आहे. नायझर आणि सीबीएसमध्ये अटी पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षाला ६० हजारांची शिष्यवृत्ती मिळते. आयएसआयमध्ये बी. स्टॅट. आणि बी. मॅथ.ला शिकवणी शुल्क नाही, उलट दरमहा विद्यावेतन मिळतं. कोलकाता आपल्याला लांब वाटतं, पण मुंबई-हावडा रेल्वेमार्ग अकोला आणि बडनेऱ्यावरूनच जातो. म्हणजे जी संस्था सगळ्यात दूर, तिथला खर्च घरावर सगळ्यात कमी. हे गणित आपल्या समाजात कोणी मांडून दाखवत नाही.

आमचं मत सरळ आहे. तिसऱ्या वाटेवर जागा मिळाली तर डोळे झाकून जा, विशेषतः गणितासाठी. शाळेतलं गणित सूत्रात आकडे घालण्याचं असतं. पदवीचं गणित सिद्धतेचं असतं, म्हणजे "हे खरं का?" याचं उत्तर स्वतः द्यायचं असतं. ही सवय पहिल्या दोन वर्षांत लागली तर लागते. पाठ केलेल्या सिद्धता पेपरात उतरवून प्रथम श्रेणी मिळवणारा विद्यार्थी पुढे अडकतो, आणि दोष मात्र स्वतःच्या बुद्धीला देतो.

तिसरी वाट मिळाली नाही, तर घराजवळच्या शासकीय किंवा चांगल्या अनुदानित महाविद्यालयात बीएस्सी करा आणि पहिल्या दिवसापासून पुढच्या दाराकडे नजर ठेवा. ते दार म्हणजे आयआयटीची जॅम परीक्षा. तिचे अर्ज सप्टेंबरच्या सुमारास सुटतात आणि परीक्षा फेब्रुवारीत असते. अमरावतीतून बीएस्सी करून आयआयटीत एम. एस्सी. करता येतं. पेपर इंग्रजीत असतो, त्यामुळे इंग्रजी पाठ्यपुस्तक पहिल्या वर्षापासून उघडा. निव्वळ पुण्याच्या नावासाठी पुणे, ही वाट सगळ्यात शेवटी ठेवा.

प्रवेश घेण्याआधी विचारायचे प्रश्न

कॉलेजच्या इमारतीकडे आणि जाहिरातीकडे बघू नका. एक दिवस काढून विभागात जा आणि हे विचारा.

१. या विषयाचे पूर्णवेळ प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती? तासिका तत्त्वावर शिकवणारे कमी शिकलेले असतात असं नाही. त्यात नेट-सेट झालेली आपलीच माणसं कितीतरी आहेत. पण ज्याला स्वतःला पुढच्या वर्षीची खात्री नाही, तो तुम्हाला तीन वर्षांची दिशा कशी देणार?

२. प्रॅक्टिकल खरंच होतं का? हे सरांना विचारू नका, तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारा. जर्नल बघा. सगळ्यांच्या जर्नलमध्ये एकच आकडे असतील तर समजून जा.

३. मागच्या दोन-तीन वर्षांत इथून कोणी जॅम, नेट, गेट पास झालं का? झालं असेल तर त्याचा नंबर घ्या.

४. ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडं असतं? ज्याच्या घरी अभ्यासाला जागा नाही, त्याच्यासाठी हा प्रश्न पहिल्या तीनइतकाच मोठा आहे.

५. एससी-एसटी कक्ष फक्त फलकावर आहे की त्याला माणूस आणि खोली आहे?

"पण तिथे आपल्या पोरांचं काय होतं?"

हा प्रश्न आई-वडील विचारतात तेव्हा त्यांना भित्रं म्हणू नका. १७ जानेवारी २०१६ ला हैदराबादेत रोहित वेमुला गेला. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई आयआयटीत पहिल्या वर्षाचा दर्शन सोळंकी गेला. दिल्लीच्या एम्समध्ये आपल्या विद्यार्थ्यांना कसं वागवलं जातं, हे थोरात समितीने २००७ सालीच नोंदवलं आहे. "तुझी रँक किती?" या साध्या दिसणाऱ्या प्रश्नामागे कोणता प्रश्न दडलेला असतो, ते आपल्याला कळतं.

पण म्हणून जायचंच नाही, असं ठरवलं तर त्या जागा कोण घेणार? आपण न जाणं हीच तर त्यांची इच्छा आहे. आमचं म्हणणं, मुलाला एकटं पाठवू नका. हैदराबादेत आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशन आहे, मुंबई आयआयटीत आंबेडकर पेरियार फुले स्टडी सर्कल आहे. ज्या संस्थेत जायचं तिथल्या आपल्या विद्यार्थ्यांशी प्रवेशाआधी बोला. पहिल्या सत्रात गणितात नापास होणं तिथे अनेकांच्या वाट्याला येतं. ते आपल्या मुलाला आधीच सांगून ठेवा, म्हणजे तो नापासीला आपल्या जातीचा पुरावा समजणार नाही.

मुलींच्या बाबतीत एवढंच सांगतो. पुण्यातल्या भाड्याच्या खोलीपेक्षा केंद्रीय संस्थेच्या आवारातलं वसतिगृह जास्त सुरक्षित असतं. सावित्रीमाईंचा फोटो घरात लावायचा आणि पोरीला राज्याबाहेर पाठवायचं नाही, हे एकाच घरात चालणार नाही.

आणि जे म्हणतात, "त्यापेक्षा एमपीएससी कर," त्यांना सांगा की गणिताच्या पदवीधराला एमपीएससीचं दार बंद होत नाही. उलट विमा, बँका, अध्यापन, संशोधन ही जादा दारं उघडतात.

कामाचं काय?

अर्जांचे हे महिने आपल्याच दिनदर्शिकेत बसतात. महापरिनिर्वाण दिन ते भीमजयंती. ज्या दिवसांत आपण जयंतीची वर्गणी गोळा करत असतो, त्याच दिवसांत या संस्थांच्या मुदती संपत असतात. म्हणून आमचा प्रस्ताव आहे.

प्रत्येक विहाराने ६ डिसेंबरनंतरच्या पहिल्या रविवारी बारावी विज्ञानच्या आपल्या मुलामुलींची यादी करावी. जानेवारीत सगळ्या परीक्षांच्या तारखांचा एक कागद विहाराच्या भिंतीवर लावावा. जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात काढून ठेवावा, कारण राज्याच्या दाखल्यावर केंद्रीय संस्थेत भागत नाही. १९९० साली कायद्यात दुरुस्ती झाल्यावर बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या. ती लढाई जिंकून आज आपण फक्त कागद वेळेवर नाही म्हणून जागा सोडणार आहोत का? आणि जयंतीच्या वर्गणीतून डीजेच्या एका तासाचे पैसे बाजूला काढावेत. तेवढ्यात वस्तीतल्या चार-पाच मुलांचे अर्ज सहज भरले जातील. ज्याचा नंबर लागेल त्याच्या पहिल्या तीन महिन्यांच्या खर्चाची जबाबदारी नोकरी करणाऱ्या दहा घरांनी वाटून घ्यावी. शिष्यवृत्ती उशिरा येते, मेसचं बिल उशिरा येत नाही.

बाबासाहेबांनी १९४२ साली सरकारकडे ३ लाख मागितले, कारण तेव्हा समाजाकडे काहीच नव्हतं. आज सरकारकडे मागायचं ते मागूच. रिकाम्या प्राध्यापकांच्या जागा भरा, स्वाधारची रक्कम वेळेवर द्या, यासाठी इर्विन चौकात पुन्हा बसू. पण तारखांचा कागद लावायला कोणाच्या आदेशाची वाट बघायची गरज नाही.

या जानेवारीत तुमच्या विहाराच्या भिंतीवर तो कागद असेल का, एवढंच सांगा.

जयभीम! नमो बुद्धाय!