मतदान कधी, ते आधी सांगा

अकोल्याला शिकायला गेलेल्या मित्रांना विचारून बघा, तुझी रूम कुठे? कोणी उमरी म्हणेल, कोणी मलकापूर, कोणी खडकी. ते गाव आहे का, विचारलं तर हसतील. पण ऑगस्ट 2016 पर्यंत तिथे ग्रामपंचायती होत्या. त्या हद्दवाढीत एकूण 24 गावं अकोला महापालिकेत आली.

हद्दवाढ म्हटली की भांडण ठरलेलं. शहरवाले म्हणतात, आमचे रस्ते वापरता, मग टॅक्सही भरा. गाववाले म्हणतात, टॅक्स लगेच लावाल, नळ कधी येणार? दोघांचंही खरं आहे. पण मला तिसराच प्रश्न पडतो: नळ आला नाही, तर जाब विचारायचा कोणाला?

गावात 18 वर्षं पूर्ण झाली, मतदार यादीत नाव लागलं की तुम्ही ग्रामसभेचे सदस्य. सरपंचाला सगळ्यांसमोर विचारता येतं. (आपल्यातले किती जण जातात, ते सोडा. मीही एकदाच गेले.) गाव शहरात गेलं की ग्रामसभा संपते, पण नगरसेवक निवडणूक होईल तेव्हाच मिळतो. अकोल्यात ती सहा महिन्यांत, फेब्रुवारी 2017 ला झाली. पुण्यात मात्र 23 गावं जून 2021 ला घेतली, मार्च 2022 ला महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक बसले. मतदान झालं थेट जानेवारी 2026 मध्ये. म्हणजे साडेचार वर्षं ना सरपंच, ना स्वतः निवडलेला नगरसेवक! पुण्यातच 2017 ला घेतलेली फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं 2024 मध्ये परत बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. टॅक्सवरून तिथे किती राग होता, विचार करा.

मी हद्दवाढीच्या विरोधात नाही. शहराला लागून लेआऊट पडतात, प्लॉट विकले जातात, घरं होतात. नाल्या मागेच राहतात. छोट्या ग्रामपंचायतीला ते झेपत नाही. पण गावं घ्यायची, तर किती महिन्यांत मतदान होणार हे त्याच कागदावर यायला पाहिजे.

उद्या वाशिम, कारंजा, रिसोडच्या शेजारच्या एखाद्या गावावर ही वेळ आली, तर आधी प्रारूप अधिसूचना निघेल आणि हरकती मागवतील. पुण्याच्या 23 गावांना त्यासाठी 30 दिवस मिळाले होते. तुमचं गाव त्या यादीत दिसलं, तर स्टेटस ठेवून थांबू नका. लेखी अर्ज द्या, मतदान कधी ते विचारा आणि पोच घ्या.