माळवदावरची माती

मराठी ललित गद्यात वाडा पडला की तो लगेच सुंदर होतो. उभा असतो तोवर त्याच्याकडे कोणी फारसे पाहत नाही. पडल्यावर मात्र त्याची ढेलज, ओसरी, देवळ्या, बळदे एकेक करून लेखात अवतरतात. मागोमाग आजी येते, उन्हाळ्याची सुटी येते आणि अखेरीस गेलेल्या दिवसांचा निःश्वास येतो. या लेखनप्रकाराविषयी आमची तक्रार आहे. ती करण्याचा आमचा अधिकार एवढाच, की असा एक लेख आम्हीही लिहिला होता.

आमचा वाडा सास्तूरचा. सास्तूर आज धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यात आहे. आम्ही जात होतो तेव्हा जिल्ह्याचे नाव उस्मानाबाद आणि तालुका उमरगा होता. वाडा नात्यातल्या एका घराण्याचा. गावात कोणाचेही घर विचारले तरी 'वाड्याच्या अलीकडे' किंवा 'वाड्याच्या पलीकडे' असेच उत्तर मिळे. भिंती इतक्या रुंद, की खिडकीच्या कट्ट्यावर आम्ही मुले आडवी झोपत असू. मे महिन्याच्या भर दुपारी आत पाऊल टाकताच अंगावर गारवा येई. रात्री माळवदावर अंथरुणे पडत आणि झोप लागेपर्यंत चांदण्या मोजणे चाले.

३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे, चार वाजण्याच्या सुमारास ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीचे नाव सर्वतोमुखी झाले. तथापि उमरगा तालुक्यातली सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी ही गावेही त्याच पहाटे कोसळली. सरकारी नोंदीप्रमाणे आठ हजारांच्या आसपास माणसे मेली. बावन्न गावे नव्याने वसवावी लागली. आमची खुणेची वास्तूही गेली.

पुढे आम्ही त्या वाड्यावर लिहिले. एका वार्षिकांकात ते छापून आले, वाखाणलेही गेले. त्यात गारव्याला एक पान होते आणि माळवदावरून दिसणाऱ्या आकाशाला दीड.

जानेवारी २०२० मध्ये ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उस्मानाबादेत भरले. संमेलन आटोपून आम्ही नव्या सास्तुरात गेलो. तिथे एका वृद्ध बाईंशी बोलताना आम्ही जुन्या वाड्याचा विषय काढला. बहुधा तो गारवा आठवून बोललो असू. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "तुमी उनाळ्यात येत हुताव, तुमाला गार लागायचं. माळवदावर माती आमी चढवली. दर साली पावसाळ्याच्या अदुगर. डोक्यावरून."

आमच्या लेखाचे याहून नेमके परीक्षण कोणी केले नव्हते.

माळवद म्हणजे काय, हे आम्ही त्यानंतर नीट समजून घेतले. खांबांवर तुळया, तुळयांवर किलचण, त्यावर काड्याकुड्यांचा थर आणि वर पांढरी माती. छत गळू लागले की मातीचा नवा थर घालावयाचा. जुना कोणी काढीत नसे. पिढ्या जात तसे छत जड होई. भिंतीची गोष्टही तशीच. आतला आणि बाहेरचा असे दगडांचे दोन पदर, मध्ये चिखल आणि चिपांची भर. दोन्ही पदरांना आरपार बांधणारे लांब दगड बहुधा नसत. धक्का बसताच भिंत मधून फाटली आणि वरची माती झोपलेल्या माणसांवर आली. ज्या मातीने आम्हांला मे महिन्यात गारवा दिला, तीच ही माती. आम्ही तिच्या गुणावर लेख लिहिला आणि तिचे वजन वगळले. ते वजन डोक्यावरून वाहणाऱ्या बाईला तर आमच्या लेखात प्रवेशच नव्हता.

यावर आक्षेप येईल, की ललित लेखाने अभियंत्याचा अहवाल का व्हावे? होऊ नये. किंबहुना अहवालांतून लोकमानसात उतरलेला निवाडाही आम्हांला अर्धाच वाटतो. 'दगडमातीने माणसे मारली' हा तो निवाडा. त्याच्या धाकाने लोक वर्षानुवर्षे धड घर सोडून पत्र्याच्या शेडमध्ये निजले. पुनर्वसनात जमिनीच्या मालकीप्रमाणे २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची घरे सरळ रेषेत उभी राहिली. भूमिहीनाला अर्थातच सर्वांत लहान. वाड्याची उतरंड वाड्याबरोबर गाडली गेली असे समजणाऱ्यांनी हे आकडे जरूर पाहावेत. शिवाय जिथे लाकडी खणांचा सांगाडा मजबूत होता, तिथे भिंती ढासळूनही छत खांबांवर तगल्याची उदाहरणे आहेत. हलक्या छपराच्या झोपड्यांनी फारसे जीव घेतले नाहीत. म्हणजे जुन्यातही चांगले आणि वाईट बांधकाम होते, आणि त्यांतला फरक कळणारे गवंडी व सुतारही होते.

आमचा मुख्य मुद्दा हाच आहे. स्मरणरंजनाला हा फरक करता येत नाही. त्याच्या लेखी जुने ते सारे एकच आणि सारेच गोड. ते खोटे बोलते असे नव्हे. आमच्या लेखातला गारवा खराच होता. परंतु पाहुण्याला जाणवते तेवढेच घर, असे ते गृहीत धरते. वाडा मराठी साहित्याने याहून खोल पाहिलेलाच नाही असेही नाही. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'त वाड्याचा मोठेपणा आतल्या माणसांना कसा चिरडतो ते दिसतेच. नाटकाला जे १९८५ मध्ये साधले, ते आमच्या ललित लेखाला भूकंपानंतरही साधू नये, याची लाज वाटावयास हवी.

अध्यापक मित्रांना म्हणूनच एक विनंती आहे. 'माझ्या आठवणीतील वास्तू' हा विषय वर्गात द्यावयाचा तर खुशाल द्यावा. पण निबंध तपासताना समासात एक प्रश्न लिहावा: हिच्यावर माती कोणी चढवली? उत्तर ठाऊक नसेल, तर विद्यार्थ्याने गावी जाऊन विचारून यावे. आम्हांला विचारावयास सव्वीस वर्षे लागली. त्या बाईंचे नाव विचारावयाचे तर तेव्हाही राहूनच गेले.