मथळ्यातलं हरवलेलं ‘म्हणे’

वर्तमानपत्रातला मथळा खोटा निघाला की आपण हसतो आणि पान उलटतो. पण समजा, उलटाच नियम असता तर? एकदा मथळा छापला की तो खरा झालाच पाहिजे, असा कायदा असता तर? दुसऱ्या महायुद्धानंतरचे अमेरिकेतले तीन मथळे या खेळासाठी मला फार आवडतात. जग नुकतंच युद्धातून बाहेर आलं होतं, अणुबॉम्ब पाहून झाला होता आणि आता काहीही घडू शकतं, असं लोकांना वाटत होतं. अशा वेळी मथळे देणाऱ्यांचा हात जरा सैल सुटतो.

पहिला मथळा प्रसिद्धच आहे. ३ नोव्हेंबर १९४८ चा ‘शिकागो डेली ट्रिब्यून’ : ‘ड्यूईकडून ट्रूमन पराभूत’. छपाई कामगारांचा संप चालू होता, त्यामुळे अंक नेहमीपेक्षा कितीतरी तास आधी छपाईला सोडावा लागे. मतमोजणी संपायची होती, पण जनमत चाचण्या ड्यूईंच्याच बाजूने होत्या. मग थांबायचं कशाला? सुमारे दीड लाख प्रती छापून झाल्या. निकाल लागला तो असा : ट्रूमन ३०३ इलेक्टोरल मतं, ड्यूई १८९. सेंट लुइसच्या रेल्वे स्टेशनवर तोच अंक हातात उंच धरून हसणाऱ्या ट्रूमन यांचा फोटो तुम्ही कुठेतरी पाहिला असेलच.

आता कायद्याप्रमाणे मथळा खरा करूया. ड्यूई सामान घेऊन व्हाइट हाउसच्या दारात आलेत. ट्रूमन त्यांना चावी देतात आणि तरीही हसतातच. कारण त्याच वर्षी त्यांच्या मुलीच्या पियानोचा पाय तिथल्या लाकडी जमिनीतून आरपार गेला होता. इमारत आतून इतकी खिळखिळी झाली होती की ट्रूमन कुटुंबाला रस्त्यापलीकडच्या ब्लेअर हाउसमध्ये राहायला जावं लागलं. दुरुस्ती संपली मार्च १९५२ मध्ये. म्हणजे बिचारे ड्यूई चार वर्षांपैकी तीन वर्षांहून जास्त काळ समोरच्या खिडकीतून आपलं घर बघत बसले असते. निवडणूक जिंकले, पण गवंड्यांनी काही आत घेतलं नाही!

दुसरा मथळा ८ जुलै १९४७ चा, न्यू मेक्सिकोतल्या ‘रॉसवेल डेली रेकॉर्ड’चा. लष्करी हवाई तळाने रॉसवेलजवळच्या एका रँचवर उडती तबकडी पकडली, असं त्यात ठासून म्हटलं होतं. माहिती खुद्द तळानेच दिली होती. हे खरं करायचं तर पहिली पंचाईत पंचनाम्याची. वाहन क्रमांक? नाही. चालकाचा परवाना? दुसऱ्या ग्रहाचा, इथे चालत नाही. तबकडी पार्किंगमध्ये उभी केली होती का? नाही, मेंढ्यांच्या कुरणात. मग दंड कुणाला? ज्याच्या कुरणात सापडली त्यालाच!

प्रत्यक्षात दुसऱ्याच दिवशी त्याच वर्तमानपत्राने खुलासा छापला की तो हवामानाचा फुगा होता. रबराच्या पट्ट्या, चकचकीत कागद आणि काड्या, एवढाच ऐवज. ज्या माणसाला तो सापडला तो इतका वैतागला की पुढच्या वेळी बॉम्ब सोडून काहीही सापडलं तरी मी तोंड उघडणार नाही, अशा अर्थाचं बोलला. गंमत म्हणजे खुलासाही पुरता खरा नव्हता. सोव्हिएत अणुचाचण्यांचा कानोसा घेण्यासाठी सोडलेल्या गुप्त फुग्यांशी त्या वस्तूंचा संबंध असल्याचं अमेरिकी हवाई दलाने १९९४ मध्ये सांगितलं. इथे आमची कल्पनाशक्ती हरते, कारण एका दिवसात मागे घेतलेल्या त्या मथळ्यावर रॉसवेल गाव आजही जगतंय. तिथे उडत्या तबकड्यांचं संग्रहालय आहे आणि रस्त्यावरच्या दिव्यांना परग्रहवासीयांचे डोळे आहेत. मथळा खरा करायला कायदा लागलाच नाही, दुकानदार पुरे झाले.

तिसरा मथळा विजेचा. १६ सप्टेंबर १९५४ रोजी अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष लुईस स्ट्रॉस विज्ञान-लेखकांसमोर बोलले : आपल्या मुलांना मीटरने मोजण्याचीही गरज पडू नये इतकी स्वस्त वीज मिळेल, अशी अपेक्षा ठेवणं फार ठरू नये. दुसऱ्या दिवशीच्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या मथळ्यांत त्या अपेक्षेचं थेट ‘मिळणार’ झालं.

हे खरं झालं असतं तर? ‘दिवे बंद करा, वीज काय फुकट येते?’ हे वाक्य गेल्यामुळे आयांची अख्खी पिढी मुकी झाली असती. इस्त्री आणि हीटर शोधत हॉस्टेलच्या खोल्या तपासण्यात वॉर्डनना काही रस उरला नसता. अमेरिकेच्याच मदतीने उभं राहिलेलं तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं. वीज महाराष्ट्राला आणि गुजरातला मिळू लागली, पण भिंतीवरचं मीटर काही उतरलं नाही.

साहित्याची विद्यार्थिनी म्हणून मला या तिन्हींत एकच गोष्ट दिसते. स्ट्रॉस यांचं मूळ वाक्य सावध होतं, मथळा बेधडक. जनमत चाचण्या अंदाज सांगत होत्या, मथळ्याने निकाल सांगितला. मधला सावध शब्द जागा वाचवण्यासाठी प्रत्येक वेळी गळाला. इंग्रजी मथळ्यांत घडून गेलेलंही वर्तमानकाळात सांगतात, त्यामुळे न घडलेलंही त्यात सहज खपतं. आपण मराठीत तर क्रियापदच उडवतो : ‘अमुक पराभूत’. कधी? कुणी मोजलं? विचारायचं नाही.

आणि आपल्याकडे तर या रोगावर दोन अक्षरांचं औषध आहे : ‘म्हणे’. ‘ड्यूई जिंकले म्हणे.’ ‘तबकडी सापडली म्हणे.’ ‘वीज फुकट मिळणार म्हणे.’ बातमी तीच, पण ऐकणारा लगेच सावरून बसतो. कुणी म्हणेल, गावातल्या चुगल्यासुद्धा ‘म्हणे’ लावूनच पसरतात की! बरोबर आहे. पण चुगली करणारा निदान एवढं तरी मान्य करतो, की हे मी स्वतः पाहिलेलं नाही. वर्तमानपत्राचा मथळा आणि आपल्या फोनवरचा स्क्रीनशॉट तेवढंही मान्य करत नाहीत.

आम्हा कॅथलिकांना लहानपणापासून शिकवतात की कन्फेशन केलं म्हणून हिशोब संपत नाही. चोरलेलं परत करावं लागतं. मथळ्याचं पाप पहिल्या पानावर ठळक अक्षरांत असतं आणि त्याचं कन्फेशन आतल्या पानाच्या कोपऱ्यात. गेलेला विश्वास त्याने परत कसा येणार? आणि आज मथळा पसरवणारे संपादक नाहीत, आपणच आहोत. आतली बातमी न वाचता मथळा पुढे ढकलणारा प्रत्येक जण आपली एक छोटी ‘ट्रिब्यून’ काढत असतो. आपल्यापैकी अनेकजण आता मतदारही आहेत, त्यामुळे यात फक्त गंमतच नाही.

म्हणून माझी मंडळाला एक सूचना आहे. आपल्या ग्रुपवर कुणी बातमी टाकली आणि ती आतपर्यंत वाचलेली नसेल, तर शेवटी ‘म्हणे’ लिहायचं. वाचली असेल तर नाही. बस्स, एवढंच. सुरुवात मंडळाच्या स्वतःच्या सूचनांपासून करता येईल. पुढचा कार्यक्रम बरोबर चार वाजता सुरू होणार म्हणे.