कॉपी म्हणण्याआधी चव्वेचाळीस मिनिटं

सुरुवातीलाच कबूल करते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं. शाळेत मराठीत बोललं की पाच रुपये दंड होता आणि मी फार आज्ञाधारक मुलगी होते. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. पण हा लेख मला इंग्रजी विभागात द्यायचाच नव्हता. का, ते शेवटी सांगते.

विषय आहे एक स्वीडिश बँड, एंग्लागोर्ड. नाव ऐकलं नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, आमच्या अख्ख्या फ्लोअरवर कुणी ऐकलं नव्हतं. १९९१ साली ही सहाजणं एकत्र आली आणि १९९२ मध्ये त्यांचा पहिला अल्बम निघाला, 'हिब्रिस'. मूळ ग्रीक शब्द; आपल्या भाषेत, माज! चार ट्रॅक, एकूण चव्वेचाळीस मिनिटं. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे मुखडा-अंतरा-मुखडा हा हिशोबच नाही. एकेक ट्रॅक दहा-बारा मिनिटांचा, मध्येच लय बदलते, मध्येच सगळं शांत होतं आणि नुसती बासरी उरते.

सबमिशनच्या आठवड्यात रात्री जर्नल उतरवताना मी हा अल्बम स्पीकरवर लावायचे. रूममेट म्हणाली, "अगं, गाणं सुरू कधी होणार?" (पहिल्या 'यूर्ड्रोक'मध्ये कुणी गातच नाही. बिचारी अकरा मिनिटं वाट बघत होती.) मेकॅनिकलच्या मित्राला ऐकवला, तर तो म्हणाला, "सगळं किंग क्रिमसन आणि जेनेसिसकडून ढापलंय." ईएनटीसीवाल्याचं म्हणणं, "ती जुनी पेटी कशाला? की-बोर्डवर एका बटणात होतं." आणि सगळ्यांचं एकमत : गाणारा काही खास नाही, आणि स्वीडिशमध्ये कशाला गायचं?

गंमत म्हणजे हा अल्बम ऐकणारे लोक इतकी वर्षं साधारण याच मुद्द्यांवर भांडतायत. एकेक मुद्दा घेऊ.

आधी ती पेटी. तिचं नाव मेलोट्रॉन. १९६३ पासून इंग्लंडमध्ये बनू लागली. प्रत्येक की-खाली टेपची एक पट्टी असते आणि तिच्यावर खऱ्या व्हायोलिनचा किंवा बासरीचा एक सूर रेकॉर्ड केलेला असतो. की दाबली की टेप हेडवरून सरकते आणि आवाज येतो. साधारण आठ सेकंदांत टेप संपते! मग बोट उचलायचं, स्प्रिंग टेपला मागे खेचते, पुन्हा दाबायचं. म्हणजे आठ सेकंदांच्या आत पुढच्या सुरावर जावंच लागतं. शिवाय मोटरचा वेग जरा हलला की सूर हलतो. मेंटेनन्सची नुसती डोकेदुखी. पण तो हलणारा, जरा थरथरता आवाजच त्यांना हवा होता. १९९२ मध्ये सॅम्पलर सहज मिळत असताना त्यांनी मुद्दाम ही अडचण घेतली. याला मागासलेपणा म्हणा, मी निवड म्हणेन.

आता मोठा आरोप, कॉपी. किंग क्रिमसनच्या १९६९ च्या पहिल्या अल्बममध्ये मेलोट्रॉन आहे, हे खरं. यांनी ते सगळं कान देऊन ऐकलं होतं, हेही खरं. पण १९९२ हे साल बघा. आदल्याच वर्षी निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड' आला होता, आणि खुद्द जेनेसिस सुटसुटीत पॉप गाणी करत होतं. ज्याला बाजारात भाव नाही ते उचलायला वेगळीच हिंमत लागते. आणि उचलून त्यांनी त्याचं काय केलं? आना होल्मग्रेनची बासरी ऐका, तिच्यात उत्तरेकडच्या लोकगीतांचा गारवा आहे. शेवटच्या ट्रॅकचं नाव 'कुंग बूरे', म्हणजे स्वीडिश लोककथांमधला हिवाळ्याचा राजा. हे कुठल्या इंग्रजी बँडकडून ढापणार? ड्रमर मातियास ओल्सन तर तेव्हा वीस वर्षांचाही नव्हता. माझ्यापेक्षा लहान!

सगळं गोड बोलणार नाही. तूर्द लिंडमनचा आवाज खरंच बेताचा आहे. दुसरं म्हणजे यांना एका जागी स्वस्थ बसवत नाही. एखादी सुंदर धून कानात बसतेय तोवर ती जाते आणि दुसरी येते. व्हायवात आठवेल ते सगळं एका दमात सांगणाऱ्या मुलासारखं. दुसऱ्या अल्बममध्ये, १९९४ च्या 'एपिलॉग'मध्ये, त्यांनी गाणं काढूनच टाकलं. नंतर बँड फुटला आणि तिसरा स्टुडिओ अल्बम यायला २०१२ उजाडलं. पण पहिल्या अल्बममध्ये जे आहे ते पुन्हा जमत नाही : येतं ते सगळं आत्ताच दाखवायचं ही घाई. माजच तो.

आता हे सगळं मी का सांगतेय? गेल्या वर्षी गॅदरिंगच्या सिलेक्शन कमिटीत मी होते. फर्स्ट इयरच्या चार मुलांनी स्वतःची रचना आणली होती. नऊ मिनिटांची, मराठी शब्दांची. आम्ही तिसऱ्या मिनिटाला थांबवली. "हे तर अमक्याची कॉपी वाटतंय," असं मीच म्हणाले. आणि वर विचारलं, "मराठीत कशाला रे? हिंदी-इंग्लिश घ्या ना, क्राउडला चालतं." पाच रुपये दंड भरलेली मी, त्या दिवशी स्वतःच दंड वसूल करत होते.

'हिब्रिस' ऐकल्यावर त्यांच्यातल्या ड्रमरला मेसमध्ये गाठलं आणि सॉरी म्हटलं. तो हसला. म्हणाला, "जाऊ दे ताई, आता बँड नाही राहिला. ड्रमसेट पण विकला."

उरलेली सहा मिनिटं कशी होती, ते मला कधीच कळणार नाही.

म्हणून यंदाच्या कमिटीला आणि सरांना विनंती आहे. चार मिनिटांच्या स्लॉटांमध्ये एक स्लॉट बारा मिनिटांचा ठेवा, फक्त स्वतःच्या रचनांसाठी. भाषा कुठलीही चालेल. रचना फसली तर फसू दे, क्राउडला ओरडायचं तर ओरडू दे. फक्त पूर्ण ऐका. कॉपी म्हणायचं असेल तर त्यानंतर म्हणा.