सोपवणे आणि ढकलणे

ऑक्टोबर 2023 च्या आरंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्ण दगावल्याचे उघड झाले. त्यांपैकी 12 नवजात अर्भके होती. महाराष्ट्र हादरला. त्यानंतर एक खासदार तेथे अवतरले आणि त्यांनी प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांच्याकडून शौचालय साफ करवून घेतले. ते दृश्य घरोघरी पाहिले गेले. त्या दृश्याने अनेकांचा संताप शमला असेल, परंतु ज्या प्रश्नाचे उत्तर मिळायला हवे होते तो प्रश्न कोणी विचारलाच नाही. तो झाडू मुळात ज्याच्या हाती असायला हवा, त्या कामगाराचे पद भरलेले आहे काय? भरलेले असेल तर तो कायम आहे की कंत्राटदाराचा? आणि झाडू हाती देणे ही शिक्षा ठरते, तर जी माणसे आयुष्यभर तो हाती धरतात त्यांना समाज कोणत्या गुन्ह्याची शिक्षा देत आहे?

रुग्णालयात काही बिघडले की व्यवस्थापनाकडे एक ठरलेले औषध असते. परिचारिका आणि कक्षसेवक यांच्यात ‘टीमवर्क’ नाही, असे निदान होते. मग एखादे शिबिर भरते, व्याख्याता बोलावला जातो आणि संघभावनेचे महत्त्व सांगून सर्वांना चहा दिला जातो. दुसऱ्या दिवशी वॉर्डात तीच खाटांची रांग, तेवढीच माणसे आणि तोच आरडाओरडा! संघभावनेचा अभाव हे रोगाचे लक्षण आहे. रोग वेगळा आहे, आणि त्याचे नाव घेण्याची व्यवस्थापनाची तयारी नाही.

वॉर्डाची रचना पाहावी. अधिसेविकेच्या हाताखाली परिसेविका, तिच्या हाताखाली अधिपरिचारिका आणि सर्वांत खाली कक्षसेवक, आया व सफाईगार. रुग्णांच्या तोंडी ते सिस्टर, मामा आणि मावशी असतात. औषध देणे, सलाईन लावणे, रुग्णाच्या प्रकृतीचा अदमास घेणे हे परिचारिकेचे काम. रुग्णाला पुसून काढणे, भरवणे, कूस बदलणे, भांडे देणे, लघवी मोजणे ही कामे ती दुसऱ्यावर सोपवू शकते. परंतु सोपवण्याचेही एक शास्त्र आहे. परिचर्येच्या पाठ्यपुस्तकांत त्याच्या पाच कसोट्या सांगितल्या आहेत: काम सोपवण्याजोगे असावे, रुग्णाची अवस्था तशी असावी, माणूस ते काम येणारा असावा, सूचना स्पष्ट असावी आणि त्यावर देखरेख असावी. यांपैकी एक जरी कसोटी सुटली तरी ते काम सोपवणे होत नाही. ते ढकलणे होते.

आता या कसोट्या आजच्या वॉर्डाला लावून पाहाव्यात. माणूस ते काम येणारा आहे की नाही, हे परिचारिकेने ओळखायचे कसे? कंत्राटदाराने काल पाठवलेला मुलगा आज दुसऱ्या मजल्यावर असतो आणि पुढल्या महिन्यात कंत्राटच बदललेले असते. त्याला शिकवले कोणी, याचा पत्ता नसतो. परिचारिका त्याला हुकूम देते, पण त्याची हजेरी मुकादमाकडे आणि पगार ठेकेदाराकडे. देखरेख करायची तर तिच्या हाती वेळ हवा. भारतीय परिचर्या परिषदेने शिक्षण-रुग्णालयांत तीन खाटांमागे एक आणि सामान्य रुग्णालयांत पाच खाटांमागे एक परिचारिका, शिवाय रजेसाठी 30 टक्के राखीव, असा निकष घालून दिला होता. सरकारी रुग्णालयात रात्रपाळीला उभी असलेली परिचारिका आपल्या भोवतालच्या खाटा आणि जमिनीवरच्या गाद्या मोजते तेव्हा हा निकष तिला थट्टेसारखा वाटतो. अशा वेळी ती काम सोपवत नाही, ढकलते. आणि तिच्यावरही ते वरून ढकललेलेच असते.

या ढकलाढकलीची किंमत रुग्णाचे शरीर मोजते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाही तर माकडहाडावर आधी लाली येते, मग कातडी फाटते आणि जखम हाडापर्यंत जाते. ती लाली प्रथम दिसते कोणाला? अंग पुसणाऱ्या मावशीला. लघवीचे प्रमाण घटले, रुग्णाने घास गिळला नाही, काल बोलणारा माणूस आज टक लावून पाहतो आहे, हेही आधी तिलाच दिसते. परंतु पाळी बदलताना जो निरोप एका परिचारिकेकडून दुसरीकडे जातो, त्यात मावशीला जागा नसते. तिला कोणी विचारत नाही, आणि विचारले नाही म्हणून ती सांगत नाही. रुग्णालयातील सर्वांत मोलाची माहिती अशी रोज मोरीच्या पाण्याबरोबर वाहून जाते. अखेर कूस बदलण्याचे काम नातेवाइकांवर येते. ज्याला नातेवाईक नाही त्याचे काय होते, हे वॉर्डातील प्रत्येकाला ठाऊक आहे.

येथे कामगार चळवळीने स्वतःकडेही पाहिले पाहिजे. सारा दोष सरकारवर टाकून मोकळे होणे सोपे आहे. सफाईचे काम या देशात जातीने वाटले गेले आहे. त्या कामातील माणसांसाठी महाराष्ट्रात लाड-पागे समिती नेमावी लागली आणि वारसाहक्काची तरतूद करावी लागली, यातच त्याची कबुली आहे. ही उतरंड रुग्णालयाच्या दारात गळून पडत नाही. वयाने मोठ्या कक्षसेवकाला एकेरी हाक मारणारी पांढऱ्या पोशाखातली परिचारिका डॉक्टरकडून मिळालेला अपमानच पुढे ढकलत असते. एके काळी परिचर्येचे कामही हलके मानले जात होते. तो कलंक परिचारिकांनी शिक्षणाने आणि संघर्षाने पुसला. तोच कलंक त्यांनी खालच्या पायरीवर ठेवून द्यावा काय? उलट बाजूही निर्दोष नाही. ‘हे माझे काम नाही’ हे वाक्य काही वेळा शोषणाविरुद्धची ढाल असते, तर काही वेळा तहानलेल्या रुग्णाकडे फिरवलेली पाठ असते. दोहोंतील फरक संघटनेनेच शिकवायचा असतो.

यावर परिचारिकांचा एक आक्षेप असतो आणि तो खोटा नाही. आज अंग पुसण्याचे काम मदतनिसाला दिले तर उद्या सरकार इंजेक्शनही त्याच्याकडूनच देववील आणि परिचारिकेचे पद गिळून टाकील, अशी त्यांची भीती आहे. स्वस्त श्रमाची चटक लागलेले सरकार हे जरूर करील. परंतु त्यावर उपाय मदतनिसाला अडाणी ठेवणे हा नव्हे. कोणते काम सोपवता येते आणि कोणते कदापि नाही, याची लेखी सीमारेषा असली तर ती परिचारिकेचे पद राखते आणि मदतनिसालाही न शिकवलेले काम नाकारण्याचा आधार देते. सीमा धूसर ठेवण्यात हित आहे ते फक्त कमी पगारात जास्त काम काढू पाहणाऱ्यांचे.

मे 2022 मध्ये बाह्यस्रोतांमार्फत होणाऱ्या भरतीविरुद्ध राज्यातील परिचारिका संपावर गेल्या. तो संप न्याय्य होता. पण वॉर्डातील कक्षसेवकांच्या जागा कंत्राटात गेल्या तेव्हा तो प्रश्न ‘चतुर्थ श्रेणीवाल्यांचा’ मानला गेला होता. शेजारचे घर पेटले असता दार लावून बसले की आग आपल्या छपरावर येतेच. मार्च 2023 मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी परिचारिका आणि चतुर्थ श्रेणीचे कायम कर्मचारी एकत्र उभे राहिले, हे चांगलेच झाले. मात्र ज्याला कोणतेच निवृत्तिवेतन नाही, तो कंत्राटी मदतनीस त्या मागणीत कोठे होता? ऑक्टोबर 2023 मध्ये कंत्राटी भरतीचा निर्णय सरकारला लोकमताच्या रेट्यामुळे मागे घ्यावा लागला. रेटा लावला तर सरकार हलते, हे त्यातून दिसले. तो रेटा वॉर्डाच्या तळापर्यंत पोचलेला नाही.

म्हणून रुग्णालयांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांपुढील कार्य स्पष्ट आहे. परिचारिकांच्या आणि कक्षसेवकांच्या संघटनांची प्रत्येक रुग्णालयात संयुक्त समिती व्हावी. प्रत्येक वॉर्डाला ठरलेले, कायम मदतनीस असावेत. त्यांचे प्रशिक्षण कामाच्या वेळात आणि भरपगारी व्हावे. सोपवायच्या कामांची यादी दोन्ही संघटनांच्या संमतीने ठरावी. आणि एक गोष्ट अशी आहे, जिच्यासाठी मंत्रालयाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही: पाळी बदलताना मामा आणि मावशी यांनाही त्या निरोपात उभे करून ‘तुम्ही काय पाहिले?’ असे विचारावे. हे उद्या सकाळीच सुरू करता येईल.

समता वॉर्डात रोजच्या कामात आली नाही, तर ती सभेतल्या ठरावातच राहील. ज्याच्यावर काम सोपवायचे त्याला आधी माणूस आणि सहकारी मानावे लागते. हे जेथे मानले जाईल तेथे संघभावनेवर व्याख्यान देण्यासाठी बाहेरून कोणाला बोलावण्याची पाळी येणार नाही.